दारावरच्या आरसाबाई

आरसाबाई माणसाचं तोंड अख्खं कधी बघत नसत. आधी कपाळ, मग नाकाच्या दोन्ही बाजू, मग गाल, सगळ्यात शेवटी हनुवटी. हनुवटी वर करायला त्या बोट लावत नसत. हातातल्या पेन्सिलीचं मागचं टोक खाली टेकवून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवायच्या. बघून झालं की म्हणायच्या "जा", नाहीतर म्हणायच्या "बाटल्या". 'जा' म्हणजे आत, औषध भरायच्या खोलीत. 'बाटल्या' म्हणजे मागच्या शेडमध्ये, बाटल्या धुवायला. या दोन शब्दांवर आम्हा तीसेक मुलींचा दिवस ठरायचा, आणि माझं तर सगळंच ठरायचं होतं.

आमची कंपनी भोसरीच्या एमआयडीसीत होती. लहानशी, खाजगी. आता ती राहिलेली नाही, त्या शेडमध्ये दुसरंच काहीतरी बनतं. पंच्याहत्तर सालच्या आसपास तिथे पेनिसिलिनची पावडर मोठ्या डब्यांतून यायची आणि आम्ही ती इंजेक्शनच्या छोट्या बाटल्यांत भरायचो. खोलीत जंतू जाऊ नयेत म्हणून अंगावर कुठेही पू असलेल्या माणसाला आत मज्जाव होता. गळू असो, चिघळलेली जखम असो, नाहीतर पिकलेली पुटकुळी. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. फक्त तो करणाऱ्या साहेबांनी भरती करताना सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली घेतल्या होत्या, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाईंचं खरं नाव ताराबाई. राहायच्या चऱ्होलीला, तिथल्याच जुन्या घरातल्या. कपडे बदलायच्या खोलीत पूर्वी एक आरसा होता, तो त्यांनी खिळ्यासकट काढायला लावला होता. "आरसा दिसला की बोटं तोंडाकडं जात्यात," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं. तपासणीच्या आधी मुली आरशासमोर उभ्या राहून पुटकुळ्या दाबायच्या, म्हणजे तेवढ्याच चपट्या दिसतील. दाबलेली पुटकुळी तासाभरात दुप्पट व्हायची आणि शेजारी आणखी दोन काढायची. आरसा गेला, त्याच्या जागी स्टूल टाकून बाई बसल्या, म्हणून त्या आरसाबाई. त्यांच्या स्वतःच्या गालांवर जुने खड्डे होते, कपाळही खडबडीत होतं, त्यामुळे या नावात खवचटपणाही होता. मीसुद्धा तो मनापासून केलेला आहे, आता साळसूदपणाचा आव आणत नाही.

माझी गोष्ट अशी होती. बाबा चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. एक दिवस उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली आणि त्यानंतर ते घरी बसले. आई कधी घराबाहेर पडलेली नव्हती. धाकटी मंगल आठवीत, वर्गात पहिली येणारी. मॅट्रिक होऊन कामाला लागलेली मी एकटी. कंपनीत तीन-तीन महिन्यांची टेम्पररी ऑर्डर मिळायची. अशा तीन ऑर्डरी नीट पार पडल्या की मुलगी कायम व्हायची. मात्र एका महिन्यात तीनदा 'बाटल्या' झालं, की पुढची ऑर्डर नाही. माझी तिसरी ऑर्डर चालू होती. कायम झाले तर मंगल शिकणार होती, घर उभं राहणार होतं. नाही झाले तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नसे.

आणि नेमकं त्याच वर्षी माझं तोंड फुललं. कपाळभर बारीक पुरळ, गालांवर लाल गाठी, हनुवटीवर पू धरणाऱ्या पुटकुळ्या. आई रोज नवा उपाय करायची. जायफळ उगाळून झालं, हळद-चंदन झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून मुलतानी माती झाली, सगळ्यांचा थर एकाच वेळीही देऊन झाला. शेजारच्या काकू म्हणायच्या, "लग्न झालं की जातात गं." मला लग्नापर्यंत थांबायला वेळ नव्हता, मला उद्या सकाळी सात वाजता दारातून आत जायचं होतं. मी दिवसातून चार वेळा कपड्यांच्या साबणाने तोंड धुवायचे आणि घोसाळ्याच्या जाळीने सालटी निघेस्तोवर घासायचे. जितकं घासावं तितकं ते पेटत होतं.

पहिल्यांदा 'बाटल्या' ऐकलं त्या दिवशी मी शेडमध्ये पाण्याच्या टाकीशी उभी राहून रडत होते. चहाच्या सुट्टीत बाई तिथे आल्या. समजूत घालायला आल्या असतील असं मला वाटलं, पण समजूत घालणं हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "डोस्क्याला त्याल कवा लावतीस?"

"रोज," मी म्हटलं. "आई लावते. डोकं शांत राहतं म्हणते."

"डोस्कं शांत ऱ्हातंय आन कपाळ तळून निघतंय. वर कंपनीची टोपी घट्ट बांधायची, खाली त्याल. पुटकुळ्या येतील न्हाईतर काय? त्याल बुधवारी रातच्याला लावायचं, गुरुवारी न्हाऊन टाकायचं. मधी न्हाई." आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची असायची. मग त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. "आन हे काय लावून घासलंस? तोंड म्हंजे काय पातेलं हाय व्हय, तळाला लागलं म्हणून घासत बसायला?"

त्या दिवसापासून त्यांनी मला ताब्यात घेतलं. तोंड दिवसातून दोनदा धुवायचं, सकाळी उठल्यावर आणि घरी गेल्यावर, तिसऱ्यांदा नाही. साबण अंगाचा, मऊ, आणि तो तोंडाला न लावता तळहातावर फेस करून फेसच लावायचा. पाणी कोमट. पुसताना ओढायचं नाही, टिपून घ्यायचं. आमच्या घरी चौघांत मिळून एक पंचा होता, हे ऐकून त्या खरोखर हादरल्या. त्यांनी मला आईचं जुनं मऊ लुगडं फाडून सात तुकडे करायला लावले. रोजचा तुकडा वेगळा, वापरला की धुवायचा आणि सावलीत न ठेवता कडक उन्हात वाळवायचा. तोंडावर बांधायचा मास्क रोज उकळत्या पाण्यातून काढायचा. उशीला स्वच्छ फडकं घालायचं आणि वेणी गालाखाली घेऊन झोपायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरांकडून त्यांनी मला गंधकाचं औषध आणून दिलं. ते रात्री फक्त पुटकुळीवर ठिपक्याएवढं लावायचं होतं. मी पहिल्या रात्री अख्ख्या तोंडाला फासलं आणि दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटून आले, त्यावर त्या पूर्ण आठवडा माझ्याशी बोलल्या नाहीत.

बोलायच्या तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायच्या. "हात खाली." जेवणाच्या सुट्टीत गालाला तळवा लावून बसलेली मुलगी त्यांना पंचवीस हातांवरून दिसायची. मला तर रोजच, "हात खाली, सुमन." आमच्यातल्या एकीचं लग्न ठरलं आणि तिने पेढे आणले, तेव्हा पेढा तोंडात टाकता टाकता बाई तिला म्हणाल्या, "हात खाली ठेव गं सासरी बी." सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत, त्या पेढ्याचा कागद घडी करून ठेवत होत्या.

मी एक दिवस धीर करून विचारलं, "बाई, हे सगळं केल्यावर किती दिवसांत जाईल?"

"तीन म्हैने. जरा जास्तीच."

"माझी ऑर्डर दीड महिन्यात संपते."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाल्या, "ते कातडीला म्हाईत न्हाई."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. खरं सांगणाऱ्या माणसाचा राग येतो तसा. तरी मी सगळं करत होते, सात तुकडे, कोमट पाणी, बुधवारचं तेल. कपाळ हळूहळू निवळायलाही लागलं होतं. पण ऑर्डरीच्या शेवटच्या महिन्यात पहिल्या आठवड्यात एकदा 'बाटल्या' झालं, तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्यांदा. आता एकच उरलं होतं आणि दिवस उरले होते नऊ. अशात एका दुपारी, आत कामावर असतानाच, हनुवटीच्या मधोमध ठणकायला लागलं. हात न लावताही मला कळत होतं काय येतंय ते. उद्या सकाळी ते पांढरं टोक धरणार, पेन्सिल हनुवटीखाली येणार, आणि बाई तो शब्द म्हणणार.

शकू म्हणून एक मुलगी आत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. मनाने वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. ती म्हणाली, "कमाल आहे तुझी. दिवसभर आपण पू घालवायचं औषध भरतो, आणि तू पुवापायी रडतेस?" खरंच, इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. सगळं जग ज्या औषधासाठी डॉक्टरच्या दारात उभं राहतं, ते माझ्या हाताखालून रोज वाहत होतं. दुसऱ्या कुठल्या कारखान्यातल्या मुलीने हा विचार केला नसता, तिच्यासमोर ते नसतंच. शकूने एक फुटलेली बाटली रद्दीच्या ट्रेमध्ये टाकण्याआधी तिच्यातली चिमूटभर पावडर माझ्या रुमालाच्या टोकाला बांधून दिली. मी ती घरी नेली, पाण्याच्या दोन थेंबांत कालवली आणि हनुवटीवर लावली.

सकाळी गाठ बसलेली होती. आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरेनात. आता मला वाटतं ती तशीही बसली असती, पण तेव्हा मला वाटलं की देवाने दार उघडलं. बाईंनी त्या दिवशी पेन्सिल जरा जास्त वेळ हनुवटीखाली धरली, मग म्हणाल्या, "जा." दुसऱ्या दिवशी मी शकूकडून आणखी पावडर घेतली आणि ती कपाळाला आणि गालांनाही लावली. म्हटलं, आता एकही येऊ द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी तोंडाला खाज सुटली, मी ती घामोळ्याची समजले आणि पुन्हा लावली.

चौथ्या दिवशी सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. ओठ जाड झाले होते, कानाच्या पाळ्या गरम. मंगल माझ्याकडे बघून मागे सरकली. आई म्हणाली, "आज नको जाऊस गं. एक दिवस राहा घरी." घरी राहिले तर रजेचा अर्ज, अर्जासाठी डॉक्टर, डॉक्टरला तोंड दाखवायचं, म्हणजे तेच. मला वाटलं, पदर ओढून गर्दीत दारातून निसटता येईल. आत गेल्यावर मास्क आणि टोपी असतेच, डोळे तेवढे उघडे. माणूस किती खुळं होऊ शकतं हे मला त्या सकाळी कळलं. सहा दिवस राहिले होते, मला तेवढे सहा दिवस पाहिजे होते.

मी रांगेत चौथी होते. बाईंनी पहिल्या तिघींना सोडून दिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी माझा पदर बाजूला केला, पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने. मग हनुवटीजवळ नाक आणून वास घेतला. त्या पावडरीचा कुबट वास असतो, ज्याला माहीत त्याला लगेच कळतो.

"लावलंस," त्या म्हणाल्या.

मला बोलता येईना, घशात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. बाईंनी मला दंडाला धरून जवळजवळ ओढत डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, तासभर आडवं पडायला सांगितलं. श्वास मोकळा झाल्याबरोबर मी पहिलं काय केलं असेल, तर बाईंच्या हातातली तपासणीची वही धरली. "बाई, लिहू नका. आज फक्त गैरहजर लिहा. सहा दिवस राहिलेत. मी पुन्हा हात लावणार नाही. बाई, बाबांचा हात तुम्हाला माहीत आहे. मंगलची शाळा आहे. तुम्ही सांगाल ते करीन."

"सोड वही."

"बाई, तुम्हाला काय फरक पडतो?"

"सोड म्हणते."

त्यांनी वही सोडवून घेतली आणि माझ्यादेखत लाल शाईने लिहिलं: पेनिसिलिन सोसत नाही. आत घेऊ नये. कधीही. पावडर नेल्याबद्दल, चोरीबद्दल, त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा मला फक्त 'कधीही' दिसत होतं. त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, दोन मिनिटांत बाहेर आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की माझ्यासाठी दुसरं काम मागितलं होतं आणि ते मिळालं नव्हतं. टेम्पररी मुलीला दुसरीकडे घ्यायचं कंपनीवर बंधन नव्हतं.

मग मी जे बोलले ते लिहितेच. लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "तुमच्या असल्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही आयुष्यात, म्हणून तुम्ही आमची तोंडं बघत बसता. आमचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही."

दाराशी पाच-सहा मुली होत्या.  बाईंनी गेटपासची चिठ्ठी काढली. शिफ्टच्या मध्येच बाहेर जायचं तर त्यांच्या सहीशिवाय वॉचमन सोडत नसे. सही न करता त्या म्हणाल्या, "म्हण, मला पेनिसिलिन चालत न्हाई."

"काय?"

"मला पेनिसिलिन चालत न्हाई. म्हण. मोठ्यानं म्हटल्याबिगर सही न्हाई."

मला वाटलं, या माझा सूड घेताहेत, सगळ्यांसमोर माझा तमाशा करताहेत. मी दात-ओठ खात म्हटलं. त्यांनी आणखी दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मी ओरडलेच. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "डाक्टर आसू दे, न्हाईतर मंत्री आसू दे. सुई घेऊन कुणी बी आलं, की पैलं ह्ये म्हणायचं. इसरलीस तर मरशील." मी चिठ्ठी हिसकावून घेतली आणि मागे न बघता बाहेर पडले.

त्यानंतरचे महिने मी उगाच लांबवत नाही. बाबा त्या दिवशी तुटका हात टॉवेलखाली घेऊन बसून राहिले. जूनमध्ये शाळा उघडली आणि मंगल गेली नाही. ती पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या एका शेडमध्ये जायला लागली. जाताना एका शब्दानेही तिने मला बोल लावला नाही, लावला असता तर बरं वाटलं असतं. मी आकुर्डीपासून पिंपरीपर्यंत प्रत्येक गेटवर उभी राहिले. एका ठिकाणी तोंड बघून नाही म्हणाले, एका ठिकाणी तोंड न बघताच. पवना नदीच्या काठावर मी दोनदा जाऊन आले. कशासाठी गेले होते ते लिहीत नाही, आणि परत का आले ते मला नीट सांगता येणार नाही. घरी आल्यावर मात्र दोन्ही वेळा कोमट पाण्याने तोंड धुतलं आणि त्या दिवसाच्या तुकड्याने टिपलं. सवय झाली होती, रागातसुद्धा सुटेना.

दिवाळीला माझं तोंड स्वच्छ झालं. कपाळ साफ, गाल साफ, हनुवटीवर एक फिकट डाग तेवढा. बाईंनी तीन महिने म्हटले होते; पावडरीने पेटलेलं तोंड निवळण्यात आणखी चार गेले होते. आई देवाजवळ साखर ठेवायला गेली आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. जे तोंड मला एप्रिलमध्ये पाहिजे होतं ते नोव्हेंबरात आलं होतं, आणि त्याच्याकडे बघणारं आता कुणी नव्हतं.

पुढे मी शिवणकाम शिकले, कपडे शिवून घर कसंबसं रेटलं, चार वर्षांनी लग्न झालं आणि राजगुरुनगरला आले. नवरा शाळेत शिक्षक, शांत माणूस. पहिली मुलगी झाली तेव्हा टाके पिकले आणि मला ताप चढला. तिथल्या दवाखान्यात मी अर्धवट शुद्धीत पडले होते. नर्स ट्रे घेऊन आली, बाटली हलवून सुईत औषध ओढायला लागली. त्या बाटलीचा आकार मी झोपेतसुद्धा ओळखला असता. अंगात हात उचलायची ताकद नव्हती, डोळे मिटत होते, पण तोंडातून शब्द बाहेर पडले. "मला पेनिसिलिन चालत नाही."

"कुणी सांगितलं?" नर्सने विचारलं.

"आमच्या बाईंनी."

"कोण बाई?"

ते सांगायच्या आत मी पुन्हा तेच म्हटलं, आणि पुन्हा. ती सुई खाली ठेवून डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टरांनी औषध बदललं. नंतर ते नवऱ्याला म्हणाले, मागे एवढा त्रास झालेला आहे म्हणता, तर या इंजेक्शनने त्या टेबलावरच गेल्या असत्या.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन चऱ्होलीला गेले. बाई ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. कंपनी बंद पडली होती, त्या भावाच्या घरी राहत होत्या. बऱ्याच थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तरी त्या कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सुमनचं तोंड आसलं न्हवतं." मी म्हटलं, "तुम्हीच आणलंत असं." त्यांनी सरकून जागा दिली आणि शेंगांचं सूप माझ्यापुढे केलं.

मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या.

"नर्सनं ऐकलं?"

"पहिल्यांदा नाही. तिसऱ्यांदा ऐकलं."

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "तुझ्या अगुदर एक कमल व्हती. मोशीची. तिला बी आसंच तोंडावर उठलं व्हतं, नुसत्या हवेतल्या पावडरीनं, काय लावलं न्हवतं तिनं. मला बी तवा तसंच झालं व्हतं आन मला दारावर बशिवलं व्हतं. कमल म्हणली, बाई, लिहू नगा, घरात म्हातारी हाय. मी न्हाई लिहिलं. मला वाटलं, कुणाच्या पोटावर कशापायी पाय द्या. दोन दिवस आत गेली. तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीच्या आत गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली," बाई म्हणाल्या. "हितं माझ्या मांडीवर."

आम्ही कंपनीत होतो तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमची मुलगी शेंगांच्या टरफलांत हात घालून बसली होती.  जे सांगायला मी राजगुरुनगरहून दोन एसट्या बदलून आले होते ते सांगायची वेळ आली होती आणि माझी हिंमत होईना. शेवटी मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी दाराशी मी जे बोलले..."

"समद्या बोलायच्या," त्या म्हणाल्या. "एकीनं तर चप्पल फेकली व्हती. तुझं तर लईच सोपं व्हतं. तोंड हाय माझं आसलं, त्यात खोटं काय बोललीस?"

"तरी बोलायला नको होतं."

"बोलावं की. मी रोज रातच्याला देवाला म्हणायची, जेवढ्या पोरी मी भायेर काढल्या तेवढ्या समद्या मला शिव्या घालू देत. शिव्या घालायला माणूस जित्तं लागतं."

मी रडायला लागले ते थांबेना. मंगलची शाळा गेली ती गेलीच होती, ती तेव्हाही खोक्यांच्याच कामावर होती आणि तिच्या नजरेला नजर देताना मी अजून चाचरत होते. बाबा ती वर्षं तशीच घरात बसून काढून वारले होते. त्यातलं काहीही बाईंच्या ओट्यावर बसून परत येणार नव्हतं. पण ज्या नोकरीसाठी मी इतकी वर्षं मनात झुरत होते, सहा दिवसांसाठी जी गेली म्हणून ज्या बाईला मी दर सणावाराला शाप दिले होते, ती नोकरी त्या दुपारी माझ्या मनातून उतरली. बाई उठल्या, चूल पेटवायला आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "जेवूनच जा. दोघी बी."